पाइपातली तालीम

सांगलीत एमआरआय मशीनवर काम करायला लागून मला वीस वर्षं झाली, आणि त्यातली निदान पंधरा वर्षं मी एका गोष्टीचा फार तोरा मिरवला. कसलंही रडवं पोर आणा, भुलीच्या इंजेक्शनाशिवाय मी त्याला मशीनमध्ये झोपवून दाखवते, हा तो तोरा. काम सोपं नसतं. एमआरआय दुखत नाही, भाजत नाही. फक्त कानाशी कुणीतरी पत्रे बडवत असताना अर्धा-पाऊण तास दगडासारखं पडून राहावं लागतं. चांगली मोठी माणसं तिथे खोकतात, पाय खाजवतात, आणि फोटो हलले की वर माझ्यावरच डाफरतात. लहान पोरांचं तर विचारूच नका.

माझी युक्ती साधी होती. पोराला पहाटेच उठवायला सांगायचं. गाडीत डुलकी लागली तर चिमटा काढा म्हणायचं. सेंटरमध्ये येईपर्यंत पोर किरकिरं झालेलं असायचं आणि मशीन बघितलं की भोकाड पसरायचं. आया कासावीस व्हायच्या. मी म्हणायचे, रडू द्या. रडून रडून पोर दमतं, आईच्या खांद्यावर मान टाकतं, आणि एकदा का गाढ झोपलं की आम्ही त्याला अलगद टेबलावर ठेवून आत सरकवतो. बहुतेक पोरं अशीच निघायची. आमचे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर, म्हणजे फोटो वाचून आजार सांगणारे, तसे मोजकंच बोलणारे गृहस्थ. तेसुद्धा नव्या मुलींना सांगायचे, पोरं झोपवणं या बाईंकडून शिका. मग काय, मी हवेत.

त्या हवेतून मला एका सात वर्षांच्या पोरीने खाली आणलं.

ती रहिमतपूरजवळच्या एका गावची. रहिमतपूर माझं माहेर, त्यामुळे फॉर्मवर पत्ता वाचून मला जरा बरं वाटलं होतं, पण ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. सोबत साताऱ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: उजव्या हाताची ताकद अधूनमधून जाते आणि परत येते, मेंदूचा एमआरआय करावा. पोरीबरोबर आई आणि आजोबा. बाप फौजेत, दूर कुठेतरी सरहद्दीवर. आजोबाही फौजेतच सुभेदार होऊन निवृत्त झालेले. बसायला खुर्ची दिली तरी उभेच राहिले. पोरगी माझ्या सांगण्याप्रमाणे पहाटे चारला उठवलेली होती आणि डोळे चोळत होती.

तिची आई माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "म्याडम, तिला रडू देऊ नका. रडली की तिचा हात पडतोय."

सकाळपासून माझी तीन जणांशी भांडणं झाली होती. मी मान वर न करता म्हणाले, "सगळ्याच आयांना असं काहीतरी वाटतं. थोडं रडल्याने कुणाला काही होत नाही."

ते बोलणं आठवलं की मला आजही स्वतःची लाज वाटते. बाई गप्प झाली. सरकारी दवाखान्यापासून खाजगीपर्यंत तिला गप्प व्हायची सवय लागली असणार, आणि त्या सवयीत मी भर घातली.

मशीनची खोली बघून पोरगी रडायला लागली. मी नेहमीप्रमाणे दार लोटलं आणि आईला म्हणाले, घ्या मांडीवर, दमेल आता. ती जोरजोरात हुंदके देत होती, श्वास लागल्यासारखी. तिने उजव्या मुठीत आईचा पदर घट्ट धरला होता. दोन-तीन मिनिटांनी ती मूठ सुटली. मला वाटलं, झोपतेय. मग हात मांडीवरून घसरून नुसता लोंबायला लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि तिला आईला हाक मारायची होती पण तोंडातून शब्द न येता नुसता आवाज आला.

मी जागच्या जागी थिजले. आई मात्र ओरडली नाही. ती जमिनीवर बसली, पोरीला छातीशी धरून तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "हळू गं बाय, हळू श्वास घे. आई हाय न्हवं. हळू." काय करायचं ते तिला माहीत होतं. वीस वर्षं नोकरी केलेल्या मला नव्हतं.

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. दहा-बारा मिनिटांनी पोरीची बोटं हलली, मग मूठ वळली, मग ती स्पष्ट म्हणाली, "पाणी." सुभेदार भिंतीला टेकून उभे होते. तेवढा एकदाच मी त्यांना कशाला तरी टेकलेलं पाहिलं.

डॉक्टर चक्क त्या बाईसमोर खाली फरशीवर बसले आणि म्हणाले, "आता मला सगळं सांगा. पहिल्यापासून."

आणि तिने सांगितलं. पहिल्यांदा बशीतला गरम चहा फुंकताना हातातली बशी पडली. मग जत्रेत पिपाणी वाजवताना तसंच झालं. शाळेत रडली की पेन्सिल हातातून गळायची. गुरुजी म्हणाले, लिहायचा कंटाळा. घरी कुणी रागावलं, पोरगी रडली, की हात पडायचा. घरचे म्हणाले, नाटक करतेय. आईने हे आधी दोन डॉक्टरांना सांगून पाहिलं होतं. ते घाईत होते.

"नाटक मीच म्हणलो हुतो," सुभेदार भिंतीकडूनच म्हणाले. "एकदा थोबाडीत बी दिली तिच्या."

मग डॉक्टरांनी त्यांचा संशय सांगितला. क्वचित काही मुलांमध्ये मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या मेंदूच्या तळाशी हळूहळू अरुंद होत जातात. का होतात, ते अजून नीट कळलेलं नाही. मेंदू मग आजूबाजूने बारीक बारीक वाहिन्यांचं जाळं काढून कसंबसं भागवतो. फोटोत ते जाळं धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून जपानी डॉक्टरांनी आजाराला तेच नाव दिलं, मोयामोया. मूल जोरजोरात रडतं किंवा फुंकर मारतं, तेव्हा श्वास भराभर चालतो आणि त्याने मेंदूतल्या वाहिन्या आणखी आवळतात. तेवढा वेळ मेंदूच्या एका भागाला रक्त कमी पडतं. आज हात परत आला, पण एखाद्या दिवशी तो येणार नाही, बोलणंही येणार नाही.

सुभेदारांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मोठा पाट गाळानं भरत चाललाय, आन पोरीनं चाऱ्या काढून इतके दिस भिजवलंय. असंच का?"

"असंच," डॉक्टर म्हणाले.

"मग दुसऱ्या पाटाचं पाणी आणाय पायजे."

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. कारण ऑपरेशन नेमकं तेच असतं. कानशिलावर कातडीखाली एक रक्तवाहिनी असते, ती आणून मेंदूच्या अंगावर ठेवतात. पुढच्या काही महिन्यांत तिला फुटवे येऊन ते मेंदूत उतरतात. हे करणारे सर्जन पुण्यात होते. डॉक्टरांनी तिथूनच त्यांना फोन लावला. सर्जन म्हणाले, भूल देऊन इथे एमआरआय करायचा तर नंबर लागायला महिना जाईल, आणि अशा मुलांना भूल देणं जपून करावं लागतं. तुम्ही तिकडूनच न हललेले, स्वच्छ फोटो पाठवलेत तर मी ताबडतोब ऑपरेशनची तारीख देतो. भूल आमच्या सेंटरमध्ये द्यायची नाही हे डॉक्टरांनीच ठरवलं. काही बिघडलं तर सांभाळायला आमच्याकडे अतिदक्षता विभाग नव्हता. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली आणि आम्हाला तयारीला दोन आठवडे मिळाले.

म्हणजे सात वर्षांच्या पोरीने जागेपणी, न रडता, न हलता, त्या दणदणाटात चाळीस मिनिटं पडून राहायचं. रडली तर फोटो गेले, आणि कदाचित हातही. माझी पंधरा वर्षांची विद्या इथे निव्वळ विष होती. घरी जाऊन मी जेवले नाही. "हिच्या हाताला काही झालं असतं तर" एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटरमध्ये फोन आला. "सुभेदार बोलतोय. म्याडम, तुमच्या मशीनचं भोक किती रुंद हाय?"

मी म्हणाले, साठ सेंटिमीटर.

"म्हंजे दोन फूट." "आन आवाज कसला येतो? फोनवर धाडता यील का?"

मशीन म्हणजे एक भला मोठा लोहचुंबक. त्या खोलीत फोन नेता येत नाही. पण आतल्या माणसाचं बोलणं ऐकायला आमच्या काचेपलीकडच्या खोलीत स्पीकर असतो. मी दिवसभर त्या स्पीकरला फोन लावून आवाज भरून घेतले: टकटक वेगळी, घरघर वेगळी, आणि ती हातोडे मारल्यासारखी सर्वात वाईट, ती वेगळी. प्रत्येक आवाज किती मिनिटं चालतो तेही लिहून पाठवलं. कशाला हवंय हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांनी मागितलं म्हणून दिलं. निदान काहीतरी मागितलं होतं.

रविवारी सकाळची गाडी धरून मी रहिमतपूरला उतरले. माहेरी कुणाला कळवलं नव्हतं. स्टेशनवर सुभेदार मोटारसायकल घेऊन आले होते. गाडीला डावीकडचा आरसा नव्हता. तो कुठे गेला ते शेतावर पोचल्यावर कळलं.

बांधाच्या कडेला लिंबाखाली सिमेंटचा एक पाइप आडवा पडलेला होता. रस्त्याखालून पाणी काढायला आणलेल्या पाइपांतला उरलेला, बरोबर दोन फुटी. त्याला आतून चुना मारला होता. आत फळी, फळीवर गोधडी. डोकं ठेवायच्या जागी कोंबड्या झाकायचं एक लहान डालगं अर्धं कापून बसवलं होतं, कारण फोटो काढताना डोक्यावर जाळीचा टोप बसवतात हे त्यांनी सेंटरमध्ये बघून ठेवलं होतं. डालग्याच्या वर सुतळीने तो मोटारसायकलचा आरसा बांधलेला, म्हणजे पडल्या पडल्या पायाकडचं बाहेरचं दिसावं. आमच्या टोपालाही तसाच आरसा असतो. फोन ठेवला होता तेलाच्या रिकाम्या डब्यात. त्यातून माझं सांगलीचं मशीन असं दणदणत होतं की उसातले बगळे उडून गेले.

वीस वर्षांत माझ्या डोक्यात जे आलं नाही, ते या माणसाने चार दिवसांत चुना आणि सुतळी घेऊन उभं केलं होतं.

पाइपाभोवती गल्लीतली पाच-सहा पोरं रांगेत उभी होती. आमची पोरगी रांगेच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी. तिने मला ओळखलं आणि आईच्या मागे सरकली. चूक नव्हती तिची. सुभेदार तिला म्हणाले, "ही रहिमतपूरची लेक हाय. म्हंजे तुमची आत्याच की गं." तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि ठरवलं, की आत्या असेल तर असू दे.

तालीम सुरू झाली. ती आत सरकली आणि सुभेदारांनी खणखणीत हुकूम सोडला, "सावधान." पोरगी लाकडासारखी ताठ झाली, मान आखडली, श्वासच धरला.

"आबा, सावधान नको," मी म्हणाले. "ताठ झालेलं माणूस पाच मिनिटांत थरथरायला लागतं."

"अठ्ठावीस वर्सं मी ह्योच हुकूम दिलाय."

"तिथे उभं राहायचं होतं. इथे पडून राहायचं आहे."

सुभेदारांना राग आला. खोरं खांद्यावर टाकून ते दारं धरायला निघून गेले, म्हणजे उसाच्या एकेका सरीत पाणी सोडायला. फौजेतला माणूस रुसला की कामाला लागतो. पाइपातून बारीक आवाज आला, "आबा, सरी भरली की सांगा. तवर मी हालत न्हाई."

ही युक्ती तिची स्वतःची. तिला मिनिटं कळत नव्हती, पण सरीच्या तोंडाला सोडलेलं पाणी टोकाला पोचायला किती वेळ लागतो ते जन्मापासून माहीत होतं. आरशात तिला सरीचं टोक दिसत होतं. फोन दणदणत होता, पाणी सरकत होतं, आणि ती पापण्यांपलीकडे काही हलवत नव्हती. पाणी टोकाला लागलं तेव्हा सुभेदार राग विसरून लांबूनच म्हणाले, "भरली गं."

"आता तुझा नंबर," ती बाहेर येऊन पहिल्या पोराला म्हणाली. ते आत गेलं आणि लगेच नाक खाजवलं. "हाललास तू. बाद. जा मागं." त्या पाइपाची ती फौजदारीण होती. गावात कुणाला वाटलं असेल पोरगी आजारी आहे, पण पाइपापाशी ती एकटीच अशी होती जिला पूर्ण एक सरी जमत होती, आणि हे ती कुणाला विसरू देत नव्हती.

मी फक्त दोन गोष्टी शिकवल्या. श्वास पोटाने, संथ घ्यायचा. पोटावर तिची चप्पल ठेवून ती वरखाली होताना दाखवली. आणि नाक खाजलं तर खाजू द्यायचं, दहा आकडे मोजेपर्यंत खाज कंटाळून निघून जाते. हे दुसरं मी जागच्या जागी बनवलं होतं, पण चाललं.

दुपारी आईने भाकरी वाढली तेव्हा मी तिला म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सांगितलंत आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

तिने ताटात आणखी एक भाकरी टाकली. "तुमी आलासा तरी," ती म्हणाली. "बाकी कोण आलं न्हाई."

दोन आठवडे त्या घरात त्या पोरीचं राज्य होतं. तिला रडवायचं नाही म्हणजे तिला काही नाकारायचंच नाही. पाचगणीच्या स्ट्रॉबेरी हव्यात, आणा. अभ्यास नको, राहू दे. शेळीला आपल्याबरोबर जेवायला बसवायचं, बसवा. आई फोनवर मला म्हणायची, "डोक्यावर बसून मिरं वाटतीया बगा." पण आवाजात तक्रार नसायची. रोज संध्याकाळी हिशोब कळायचा: आज दीड सरी, आज दोन. शेवटच्या दिवशी सुभेदारांचा एकच निरोप आला, "तीन."

गुरुवारी सकाळी ती आली. या वेळी पोटभर झोपून, नाष्टा करून, आणि रक्त दाट होऊ नये म्हणून भरपूर पाणी पाजून. पाण्याचं मीच बजावलं होतं. तिने मशीनच्या तोंडात वाकून बघितलं, हात लावून बघितला, आणि म्हणाली, "आमचा पाइप ह्याच्यापेक्षा चांगला हाय." मी म्हणाले, खरंय. केसातल्या पिना तिने बाहेरच आजोबांच्या हातात दिल्या होत्या. मग ती स्वतःच टेबलावर चढून पडली आणि मी तिच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले. आई आत तिचा पाय धरून बसली. सुभेदार माझ्या खोलीत काचेपाशी उभे राहिले. उसाची सरी इथे नव्हती, म्हणून प्रत्येक फोटोच्या आधी मी माइकवरून सांगत होते, आता अर्धी सरी, आता पाव.

पहिले फोटो स्पष्ट. दुसरे स्पष्ट. रक्तवाहिन्यांचे फोटो सुरू होणार, ज्यांच्यासाठी हा सगळा उद्योग, तेवढ्यात तिच्या हातातला रबरी चेंडू तिने दाबला. तो आम्ही पेशंटला देतो, काही झालं तर दाबायला. माझ्या खोलीत घंटा वाजली. धावत आत गेले. टेबल बाहेर काढलं. तिचा उजवा हात बघितला, तोंड बघितलं.

"काय होतंय गं?"

"मला शू आली," ती म्हणाली. डोकं न हलवता.

हे पाणी पाजायची हुशारी माझीच. तिला नेऊन आणलं. मला भीती होती की एकदा बाहेर आलेलं पोर परत आत जात नाही. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. ती आली, चढली, पडली, आणि टोप बसवायला मला उशीर झाला तर म्हणाली, "आत्या, लवकर. सरी फुटंल."

रक्तवाहिन्यांचे फोटो सात मिनिटं चालले. ती मिनिटं मी मोजली नाहीत, फक्त काचेतून त्या दोन लहान पावलांकडे बघत होते. पावलं हलली नाहीत. पडद्यावर एकेक चित्र उतरत गेलं आणि डॉक्टर माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना जिथे जाड वाहिन्या दिसायला हव्यात तिथे त्या निमुळत्या होऊन संपत होत्या, आणि त्यांच्यापुढे तो धूर होता. बारीक, दाट, अगदी रेखीव. इतका रेखीव, की डॉक्टरांना त्यातली एकेक रेघ मोजता आली.

आनंद व्हावा असं ते चित्र नव्हतं. तिचा संशयित आजार आता खरा ठरला होता. तरी डॉक्टर म्हणाले, "बाई, एकही फोटो हललेला नाही," आणि मी टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की सुभेदार दचकले. झगडायचं कुणाशी ते आता दिसत होतं. संध्याकाळपर्यंत पुण्याहून फोन आला. सर्जन म्हणाले, जागेपणी काढलेत हे? आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली.

ऑपरेशन आधी डाव्या बाजूला झालं, काही महिन्यांनी उजव्या. दोन्ही वेळेस बाप रजा काढून आला. मी पुण्याला गेले नाही. मला काचेमागून बघायची सवय, दाराबाहेर बसायचं धैर्य नाही. आईचे फोन यायचे. टाके निघाले. केस आले. पण सर्जनांनी बजावलं होतं, नव्या फांद्या रुजेपर्यंत वर्षभर जपा, रडवू नका. तेव्हा राज्य चालूच राहिलं. वर्षभर त्या घरात कुणी तिला "नाही" म्हटलं नाही. हात त्या काळात एकदाही पडला नाही, पण ती खरी भरून आली म्हणून, की तिला रडायची वेळच आली नाही म्हणून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हाच काटा सगळ्यांच्या मनात होता.

वर्षाने ती परत आली, पुन्हा फोटोंसाठी. आता आठ वर्षांची, दोन दात पडलेले. मशीनमध्ये अशी गेली जशी काही घरच्या पलंगावर. आईला म्हणाली, तू भाईर बस. फोटो उतरले. कानशिलाकडून आत आलेली वाहिनी आधी मी ओळखलीच नाही, इतकी ती जाड झाली होती, आणि तिला फुटवेच फुटवे, मेंदूवर पसरलेले. दोन्ही बाजूंना. तळाशी धूर विरळ झाला होता, कारण त्याची आता गरज उरली नव्हती. रक्त कुठे किती पोचतं याचा रंगीत नकाशा आम्ही काढतो. जिथे मागच्या वेळी निळा थंडपणा होता तिथे आता लाल-पिवळं होतं, टोकापर्यंत.

"टेलपत्तूर पोचलं म्हणा की," सुभेदार म्हणाले. कालव्याच्या अगदी शेवटच्या शेताला टेल म्हणतात, आणि तिथे पाणी पोचणं म्हणजे काय हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

डॉक्टरांनी पुण्याला फोटो पाठवून फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सर्जन म्हणाले, छान रुजलंय. आता तिला बाकीच्या मुलांसारखं वाढवा. खेळू दे, पळू दे, रडली तर रडू दे.

आम्ही सगळे बाहेर आलो. पोरगी मशीनचे मोठे हेडफोन गळ्यात घालून आली होती. ते पाइपासाठी घरी न्यायचे, असं तिने जाहीर केलं. मी म्हणाले, ते इथलेच असतात गं. ती माझ्याशी बोललीच नाही. सरळ आजोबांकडे वळली. "आबा, मला ह्ये पायजेल."

सुभेदारांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. सुभेदारांनी हेडफोन तिच्या गळ्यातून काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "न्हाई."

तिला कळलंच नाही. तिने पुन्हा मागितले. "न्हाई मिळायचे," ते म्हणाले. तिचा ओठ थरथरला. आई एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली.

मग ती रडली. वर्षाचं साचलेलं एकदम बाहेर आलं. फरशीवर बसून, तोंड वासून, श्वास ओढून ओढून, सगळ्या सेंटरला ऐकू जाईल अशी. बाकावरचे एक म्हातारे म्हणाले, "आवं, गप करा की पोरीला." कुणी हललं नाही. आई, डॉक्टर, मी, रिसेप्शनवरची मुलगी, सगळे त्या एका उजव्या हाताकडे बघत होतो. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. तीन मिनिटं. हात फरशीवर आपटत होता. पाच मिनिटं. आवाज बसला, हुंदके वाढले, हात आपटतच होता. आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. दहा मिनिटं झाली. शब्द आले तेही स्पष्ट, एकेक अक्षर वेगळं: "आबा, तुमी लय वाईट हायसा."

तरी कुणी ऐकत नाही म्हटल्यावर तिने पायातली चप्पल उपसली, उजव्या हाताने, आणि त्याच हाताने फेकली. ती सुभेदारांच्या छातीवर नेमकी बसली.

सुभेदार खाली वाकले. चप्पल उचलली, तिच्या समोर गुडघ्यावर बसले आणि ती तिच्या उजव्या हातात परत दिली.

"आनी एकदा मार," ते म्हणाले.